वसंताची घाई

अमेरिकेतील मिनेसोटासारख्या थंड प्रांतात टोमॅटोचे बी थेट वाफ्यात टाकून भागत नाही. तेवढा लांब उन्हाळाच तेथे नसतो. म्हणून दव गोठण्याचे दिवस संपण्याच्या 6 ते 8 आठवडे आधी ते घरातच पेरतात आणि मेच्या उत्तरार्धात रोपे बाहेर लावतात. परंतु बर्फाला कंटाळलेला माणूस फेब्रुवारीतच पाकिटे फोडतो आणि चार रोपांच्या जागेसाठी चाळीस बिया टाकतो!

बी रुजते ते स्वतःच्या शिदोरीवर. त्याला ऊब आणि ओल पुरते. पुढे मात्र प्रकाश लागतो. खिडकीतले हिवाळी ऊन अपुरे पडले, की रोप उजेडाच्या शोधात उंच, फिकट, लेचेपेचे होते. त्यातच दाटी झाली आणि माती सतत ओली राहिली, तर बुंध्याशी बुरशी धरून रोपे कोलमडतात. विरळणी हाच उपाय. पण आपणच रुजवलेले उपटायला मन धजत नाही.

आपल्याकडेही भाताचा तरवा फार दिवस रोपवाटिकेत राहिला, तर लावणीनंतर फुटवे कमी येतात, हे कोकणातला शेतकरी जाणतो. तेव्हा लावणीच्या दिवसापासून मागे मोजत यावे, बी मोजकेच पेरावे आणि रोपांना आधी 7 ते 10 दिवस बाहेरच्या वाऱ्या-उन्हाची थोडी थोडी सवय करावी. बी लवकर पेरले, म्हणून वसंत लवकर येत नाही.