जोडीदारावरील औषधोपचार आणि कायदा : लैंगिक संसर्गाच्या संदर्भात

परमा व क्लॅमिडिया हे संसर्ग प्रतिजैविकांनी बरे होतात. तथापि जोडीदार उपचाराविना राहिल्यास बरा झालेला रुग्ण पुन्हा बाधित होतो. मळवलीसारख्या गावातील स्थिती विचारात घ्यावी. पुणे–लोणावळा लोकलने पाळीवर जाणारा पती पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात असतो आणि दवाखान्याच्या वेळेत पत्नी एकटीच तपासणीस येते. पतीने यावे म्हणून तिच्याजवळ चिठ्ठी दिली जाते. ती चिठ्ठी दाखविण्याचे धैर्य प्रत्येकीला होतेच असे नाही.

मग पतीचे औषधही तिच्याच हाती का देऊ नये? येथे औषध नियम, 1945 आड येतात. नियम 65 प्रमाणे ज्याच्या उपचारासाठी औषध लिहिले त्याचे नाव व पत्ता चिठ्ठीवर असावा लागतो. परम्यावर वापरले जाणारे सेफिक्सिम ‘एच-1’ परिशिष्टात असल्याने विक्रेत्यास रुग्णाच्या नावाची नोंद तीन वर्षे जपावी लागते. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध विक्रीस आळा घालणारे हे नियम योग्यच आहेत. परंतु न तपासलेल्या जोडीदाराचा विचार त्यांत नाही आणि त्याच्यासाठी औषध देण्यास स्पष्ट अनुमती देणारा कायदाही भारतात नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 2001 पासून क्लॅमिडियाच्या रुग्णामार्फत जोडीदारास औषध देण्याची मुभा दिली. सिएटल परिसरातील अभ्यासात (2005) परमा पुन्हा आढळण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 11 टक्के, तर जोडीदारास थेट औषध पोहोचविल्यास 3 टक्के होते. क्लॅमिडियात मात्र फरक किरकोळच होता. काही राज्यांत चिठ्ठीवर जोडीदाराच्या नावाऐवजी केवळ या उपचारपद्धतीची खूण चालते. अर्थात न तपासता दिलेल्या औषधाची ॲलर्जी होणे किंवा दुसरा संसर्ग नजरेआड राहणे, हे धोके तेथेही आहेतच.

भारतीय कायद्याला जोडीदाराचा प्रश्न अपरिचित आहे, असे नव्हे. एच.आय.व्ही. व एड्स अधिनियम, 2017 च्या कलम 9 नुसार डॉक्टर अथवा समुपदेशक, रुग्णाचे समुपदेशन करून व त्यास पूर्वसूचना देऊन, धोक्यातील जोडीदारास माहिती देऊ शकतो. मात्र त्यामुळे, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, मारहाण किंवा परित्याग होण्याची रास्त भीती असल्यास ती देण्यास मनाई आहे. मळवलीच्या उदाहरणातील स्त्रीला नेमके हेच संरक्षण हवे आहे. पण तिचा आजार परमा असल्याने हे कलम तिला लागू होत नाही.