जुनी कंबरदुखी आणि लक्षाचे दारे



खुरपणी, लावणी, ऊसतोड म्हटली की संध्याकाळी कंबर धरायचीच. मग दुकानातून गोळी आणायची, गिळायची, उद्या परत तेच. वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा पोचते. घामाने अंगातले पाणी आटलेले असले तर धोका जास्तच. म्हणून आज एक बिनखर्ची उपाय सांगतो. हा अंगारा-धुपारा नव्हे बरं का!

पायात काटा मोडलाय आणि तेवढ्यात बैल उधळला. त्याच्यामागे धावताना काटा आठवतो का? बैल दावणीला बांधला की मग ठणका सुरू. काटा तोच, लक्ष फिरले. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले, की दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाताना वाटेत मज्जारज्जूत जणू दारे लागते. पाटाचे दारे आपण कमी-जास्त करतो, तसे मेंदूही ते उघडतो, आवळतो. काळजीने, जागरणाने ते जास्त उघडते.

आता कृती. रात्री घोंगडीवर उताणे पडा, गुडघे उभे ठेवा. श्वासाने पोट वरखाली होते तिकडे लक्ष द्या. मग पावलांपासून वर एकेक अवयव मनाने चाचपत कंबरेपर्यंत या. दुखते तिथे दात-ओठ खाऊ नका. नुसते बघा: ठणक आहे, चमक आहे की ओढ? कुठवर पसरलीय? श्वासागणिक बदलते का? मन बाजारभावाकडे पळेल. पळू द्या. बांधावरच्या बैलासारखे हळूच वळवून आणा. रोज पंधरा-वीस मिनिटे, निदान आठ आठवडे. चार दिवसांत गुण शोधू नका.

अमेरिकेत ३४२ कंबरदुखीवाल्यांवर झालेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. असा सराव आणि हलकी योगासने शिकलेल्यांत सहा महिन्यांनी शंभरातल्या सुमारे ४४ जणांचा त्रास बऱ्यापैकी उतरला. नुसत्या नेहमीच्या उपचारावर २७ जणांचा. म्हणजे सगळ्यांना गुण येतोच असे नाही.

हे फक्त जुन्या, डॉक्टरांनी तपासलेल्या दुखण्यासाठी. त्यांनी दिलेले औषध आपल्या मनाने तोडू नका. पाय बधिर झाला, लघवी अडली, कंबरदुखीबरोबर ताप आला, छातीत कळ आली किंवा विंचू-साप चावला, तर डोळे मिटून पडू नका. तडक दवाखाना गाठा.