तारे मोजण्यापेक्षा देखभाल पाहा

पेणच्या गणेशमूर्तींच्या मागण्यांची नोंद असो वा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला साठा, त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा मुक्त-स्रोत साधने निवडताना गिटहबवरचे तारे आधी पाहतो. ताऱ्यांवरून पसंती कळते, देखभाल नाही. फाइली आकुंचित करणारे ‘एक्सझेड युटिल्स’ हे साधन बहुतेक लिनक्समध्ये होते, तरी त्याचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एका स्वयंसेवकावर होता. हळूहळू विश्वास कमावलेल्या एका सहकाऱ्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना लॉगिनमधला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ती सापडली.

कोड उघडा असूनही हे घडलेच, हा आक्षेप रास्त आहे. पण उघडा होता म्हणूनच फ्रॉइंड मुळापर्यंत पोचले. शिवाय चोरवाट जागी करणारा तुकडा सार्वजनिक भांडारात नव्हताच, वितरणाच्या संचात होता. एकट्या डेव्हलपरला सगळा कोड वाचणे जमणार नाही, हेही खरे. परवाना, देखभाल करणारे किती आणि सुरक्षेच्या तक्रारींना उत्तर मिळते का, एवढे तरी थोड्या वेळात तपासता येते. शेवटच्या आवृत्तीची तारीखही पाहावी, मात्र काम पुरे झालेली लहान लायब्ररी वर्षभर शांत राहिली म्हणून ती टाकून देऊ नये.