टेकड्या राखावयाच्या, पण कोणाच्या पैशानें?

पुणें शहराभोंवतालच्या टेकड्या मोकळ्या राखाव्या कीं त्यांच्या उतारांवर घरें बांधूं द्यावीं, हा वाद आज पाव शतकाहून अधिक काळ चालला आहे. १९९७ सालीं ३८ गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. २००१ सालीं त्यांतील कांहीं वगळून २३ उरलीं. आणि या गांवांच्या विकास आराखड्यांत ९७८ हेक्टर टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्याना’चें आरक्षण पडलें. त्यास सरकारची मंजुरी मिळण्यास २०१५ साल उजाडलें. या प्रश्नाकडे नगरसेवकानें कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढ्याच मुद्द्याचा आज आम्ही विचार करणार आहों.

टेकडीच्या पायथ्याशीं ज्याचा प्रभाग आहे, त्या नगरसेवकाची स्थिति मोठी अवघड असते. सकाळीं टेकडीवर फिरावयास जाणारी मंडळी त्यास बजावतात कीं, वर एक वीटही चढतां कामा नये. दुपारीं मूळचा शेतकरी सातबाऱ्याचा उतारा पुढें करून विचारतो, “जमीन माझी, सारा मी भरतों, मग ती ना विकतां येत, ना तिच्यावर बांधतां येत, हा कोठचा न्याय?” संध्याकाळीं एका खोलींत सहा माणसांचा संसार करणारा येतो व म्हणतो, “या शहरांत आम्हांस घर मिळणार तरी केव्हां?” तिघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे. म्हणूनच तिघांसही ‘पाहूं’ म्हणून वाटेस लावण्याकडे लोकप्रतिनिधींचा कल असतो. हें धोरण निवडणुकीपुरतें सोयीचें असेल. शहराच्या हिताचें खास नाहीं.

टेकड्या राखल्याच पाहिजेत याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं. ही नुसती हवा खाण्याची गोष्ट नव्हे. उतारावरील माती व गवत पावसाचें पाणी जिरवितात व त्याचा वेग मोडतात. उतार खोदून सिमेंटनें झांकला कीं तेंच पाणी एकदम ओढ्यांत उतरतें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानें कांठच्या वस्त्यांची काय दैना केली, हें पुणेकर विसरले नसतील. ओढ्यांचीं पात्रें आधींच आवळलेलीं. तशांत डोंगरउतारही बांधले गेले, तर पुढचा पूर याहून सौम्य येईल अशी आशा कोणीं करावी? टेकडी फोडून पैसा करणारा एक, आणि पूर भोगणारा भलताच, असा हा व्यवहार आहे.

परंतु येथेंच आमच्या टेकडीप्रेमी मित्रांसही चार स्पष्ट शब्द सांगणें प्राप्त आहे. या आरक्षणांतील बराच मोठा भाग खासगी मालकीचा आहे. नकाशावर हिरवा रंग फासल्यानें ती जमीन शहराची होत नाहीं. मोबदला ठरला तो जमिनीच्या ८ टक्के हस्तांतरणीय विकासहक्कांचा. म्हणजे १०० चौरस मीटर जमीन द्यावी व ८ चौरस मीटर बांधकामाचा हक्क घ्यावा. व्यापारी वाचकांस पटेल अशा भाषेंत सांगावयाचें तर ही रोकड नव्हे, हुंडी आहे; आणि तीही मालाच्या किंमतीच्या अल्पशा अंशाची. असल्या सौद्यास मालक आपण होऊन पुढें येत नाहीं, यांत नवल तें काय? हवा शहरानें खावयाची आणि किंमत शेतकऱ्यानें भरावयाची, हें हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यासारखें आहे.

या अन्यायाचें फळही उलटच मिळतें. सरळ मार्गानें जमिनीचे पैसे होत नाहींत असें दिसतांच ती गुंठ्यागुंठ्यानें विकली जाते. स्टँपपेपरावर विश्वासून गरीब माणूस जन्माची कमाई उतारावरील दोन खोल्यांत घालतो, आणि पाडापाडीची नोटीस येते ती त्याच्या दारावर. विकणारा तोंवर पसार झालेला असतो. दुसरें असें कीं, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमान्वयें आरक्षित जमीन दहा वर्षांत न घेतल्यास मालकास नोटीस देतां येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचें पाऊल न पडल्यास आरक्षणच गळून पडतें. २०१५ पासूनचीं दहा वर्षें २०२५ सालीं भरलीं. सारांश, टेकड्यांस बांधकामवाल्यांइतकेंच भय पालिकेच्या चालढकलीचें आहे.

विलायतेचें उदाहरण आपल्याकडे वारंवार दिलें जातें, पण तें अर्धेंच. लंडनभोंवतीं हिरवा पट्टा आहे असें सांगतात. तो कसा राहिला तें सांगत नाहींत. १९३५ सालीं लंडन कौंटी कौन्सिलनें भोंवतालच्या जमिनी घेण्यासाठीं २० लक्ष पौंड देऊं केले. १९३८ सालीं त्या राखण्याचा कायदा झाला. १९४६ सालीं नवीं नगरें वसविण्याचा कायदा झाला. आणि १९४७ सालीं विकासाचा हक्क सरकारनें आपल्याकडे घेतला तेव्हां मालकांच्या नुकसानीसाठीं ३० कोटि पौंडांची रक्कम ठरविली. पट्टा, पैसा आणि घरें या तिहींचा विचार तेथें एकाच पिढीनें केला.

नगरसेवकानेंही तोच मार्ग धरावा. टेकड्यांच्या खरेदीसाठीं दरसालच्या अंदाजपत्रकांत स्वतंत्र रक्कम तोडून ठेवावी व ती दुसऱ्या कामीं वळवूं देऊं नये. टेकडीच्या शेजारानें ज्यांच्या सदनिकांची किंमत वाढली, त्यांनीं या खर्चांत अधिक वांटा उचलावा. घरें सपाटीवर व्हावीं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून नगररचना योजनेची सोय आपल्याकडे आहे. तींत मालक रस्त्यांस व सोयींस कांहीं जमीन देतो आणि उरलेला आंखीव भूखंड त्याचाच राहतो. हडपसरच्या शेतकऱ्यांनीं जमिनी एकत्र करून मगरपट्टा उभा केला, तेव्हां जमीन देणारा भागीदार राहिला. मात्र अशा योजनांत लहान बिऱ्हाडांसाठीं जागा आधींच नेमून ठेविली पाहिजे; नाहीं तर टेकडीही वाचेल, योजनाही होईल, आणि एका खोलींतला संसार एका खोलींतच राहील.

शेवटीं करदात्या वाचकांस आमचें इतकेंच सांगणें कीं, टेकडी हवी तर तिचे पैसे मोजण्याची तयारी ठेवा. आणि टेकडी फुकट मागणाऱ्या मतदारास तोंडावर ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं आहे, त्या उमेदवाराच्या पारड्यांत आपलें मत टाका.