मत मिळाले, जमीन राहिली

दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली आणि तिने नाव घेतले अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाकडून, हे चळवळीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्या पक्षाने १९६६ मध्ये पँथर कोठून आणला? अलाबामा राज्यातील लाउंड्स नावाच्या काउंटीतून. ही काउंटी क्षेत्राने आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत अवघी १०,३११. १९०० साली तेथे ३५,६५१ माणसे राहत होती. पँथरचे जन्मगाव ओस का पडत चालले, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी विचारला पाहिजे.

काळ्या चिकण मातीचा हा कापसाचा पट्टा. आपल्या वऱ्हाडाची आठवण व्हावी असा. जमीन गोऱ्यांची, कसणारे कृष्णवर्णीय वाटेकरी. १९६५ च्या सुरुवातीला सुमारे ८० टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय असताना मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. ज्यांनी नाव नोंदवले त्यांना मालकांनी जमिनीवरून हाकलले. ती कुटुंबे हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिली. त्यांनीच स्वतःचा पक्ष काढला आणि काळा पँथर हे निवडणूक चिन्ह घेतले. १९७० मध्ये त्या पक्षाचे नेते जॉन ह्युलेट काउंटीचे शेरीफ झाले. ज्या पोलिसांना लोक भीत होते, त्यांचा प्रमुखच आपला झाला. केवढा हा विजय!

पण जमीन मालकांकडेच राहिली. कापूस वेचायला यंत्रे आली, पुढे कापूसच गेला आणि त्या जागी गुरांची कुरणे व लाकडासाठी लावलेली जंगले आली. जंगलाला मजूर किती लागतात? मोठा म्हणावा असा एक प्लास्टिकचा कारखाना आहे, तोही तांत्रिक शिक्षण मागणारा. त्यामुळे बरेचसे लोक रोज मोटारीने शेजारच्या माँटगोमेरीकडे कामाला जातात. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्याकडे नोकरी नाही. बेकारीत ही काउंटी राज्यात वरच्या क्रमांकांत असते. कधी आकडा खाली आला तरी हुरळून जाऊ नये. बेकार म्हणून मोजतात ते फक्त काम शोधणाऱ्याला. कंटाळून शोधणे सोडलेला किंवा गाव सोडून गेलेला त्या आकड्यात धरला जात नाही.

वकील म्हणून मला खरी मेख दिसते ती कायद्यात. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने मालमत्ता कराला मर्यादा घातल्या. जंगल-शेतीची आकारणीही बाजारभावाने होत नाही. म्हणजे हजारो एकरांचा मालक नाममात्र कर भरतो आणि काउंटीची तिजोरी रिकामी. या कर-तरतुदींमागे वर्णद्वेषी हेतू होता, हे २०११ मध्ये फेडरल न्यायालयाने मान्य केले. तरतुदी मात्र रद्द केल्या नाहीत! हेतू दूषित आणि कायदा वैध, हे तर्कशास्त्र आपल्याकडच्या निकालपत्रांतही पुष्कळ वाचले आहे. किमान वेतनाचा राज्याचा स्वतःचा कायदा नाही. ताशी सव्वासात डॉलर हा केंद्राचा दर २००९ पासून तसाच आहे.

तिजोरी रिकामी म्हणून गटारे नाहीत. चिकण मातीत पाणी मुरत नाही, मैला परसात साचतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या ५५ पैकी १९ जणांत अंकुशकृमीचे अंश आढळले. जगातील सर्वांत श्रीमंत देशात! जेथे सांडपाण्याची सोय नाही तेथे नवा उद्योग कोण आणणार?

आपल्याकडे राखीव जागेवर सरपंच आपला होतो, ग्रामपंचायतीवर निळा झेंडा लागतो आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे गायरानाच्या नोटिसा घेऊन माझ्या टेबलासमोर बसतात. राजकारणात समता आणि अर्थकारणात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत १९४९ मध्येच दिला होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो यासाठीच. लाउंड्समध्ये तंबू पडत होते तेही त्याच सुमारास.

मैल्याच्या प्रश्नावर मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अलाबामाच्या आरोग्य खात्याशी करार केला होता. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो मोडीत काढला. सांडपाण्याच्या टाक्या बसवण्यासाठी तेथील कार्यकर्ते आता पुन्हा पैसे गोळा करण्याच्या मागे आहेत.