बालाघाटला हॉकीचा संघ हवा का? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

उकवा हे बालाघाट–बैहर रस्त्यावरचं मँगनीजचं गाव. इथली भूमिगत खाण मॉयल या खाण कंपनीची, आणि मॉयलचं मुख्यालय नागपूरला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. प्रांत बदलला, तरी इकडच्या माणसाला आजही मोठ्या कामासाठी भोपाळपेक्षा नागपूर जवळ पडतं. हॉकी इंडिया लीगचे सामने टीव्हीवर सुरू झाले की या पट्ट्यातल्या खेळवेड्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: रांचीला संघ मिळतो, मग नागपूरला, बालाघाटला का नाही? लोखंड-कोळशाच्या मुलखात हॉकी बहरते, तर मँगनीजच्या मुलखात का नको?

प्रश्न रास्त आहे. पण त्याभोवती ऐकीव समजुती इतक्या साचल्या आहेत की मागणी भलत्याच दाराशी जाऊन उभी राहते. माझ्या मते संघाची मागणी ही तिसऱ्या पायरीवरची आहे आणि आपण अजून पहिलीवर चढलेलो नाही. का, ते एकेक समजूत घेऊन पाहू.

“हॉकीचा संघ ही महानगरांची चैन आहे”

हे इतिहासाने कधीच खोटं ठरवलेलं आहे. भारतीय हॉकी महासंघाची स्थापना ७ नोव्हेंबर १९२५ रोजी झाली, ती मुंबई-कलकत्त्यात नव्हे, शिंद्यांच्या ग्वाल्हेरात. १९२८ साली कलकत्त्याला पहिली आंतरप्रांतीय स्पर्धा झाली, तेव्हा खेळलेल्या पाच संघांत मध्य प्रांताचा, म्हणजे आपल्याच मुलखाचा संघ होता. १९३३ मध्ये झाशी हीरोज या संघाने कलकत्ता कस्टम्सला हरवून बेटन कप जिंकला. ध्यानचंद त्या संघात होते आणि आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना म्हणून ते ऑलिंपिकमधल्या लढतींऐवजी याच सामन्याचं नाव घेत. टीकमगढसारख्या छोट्या संस्थानाचा भगवंत क्लबही देशभर दबदबा राखून होता. हे खेळाडू लिलावात विकत घेतलेले नव्हते, संघ गावाचे होते आणि गाव त्यांच्या नावाने ओळखलं जाई.

आजचं चित्रही फार वेगळं नाही. लीगचं २०१३ मधलं पहिलं विजेतेपद रांचीने घेतलं, २०१५ मध्येही रांचीच्याच संघाने. २० हजारांहून अधिक आसनांचं बिरसा मुंडा हॉकी स्टेडियम जानेवारी २०२३ मध्ये उभं राहिलं ते राउरकेल्यात, पोलादाच्या गावी. तेव्हा गाव लहान आहे म्हणून मागे हटायचं कारण नाही.

“महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाला कुणी संघच दिला नाही”

दिले, एकदा नव्हे अनेकदा. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा मराठा वॉरियर्स हा संघ होता आणि धनराज पिल्ले त्यातून खेळले. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत मुंबई मरीन्स, पुणे स्ट्रायकर्स आणि भोपाळ बादशाह असे आपल्या दोन राज्यांचे तीन संघ होते. पुणे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं आणि शेर-ए-पंजाबकडून हरलं. ती स्पर्धा पुन्हा कधी झालीच नाही. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली, तिच्यात मुंबई मॅजिशियन्स. पुढे दबंग मुंबई, ज्यांनी २०१७ ची अंतिम लढत कलिंगा लान्सर्सविरुद्ध गमावली. त्यानंतर ही लीगच सात वर्षं बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत ना महाराष्ट्राचा एक होता, ना मध्य प्रदेशचा.

म्हणजे अडचण संघ मिळण्याची नाही, टिकण्याची आहे. नव्या लीगमधला उत्तर प्रदेशचा रुद्राज संघ एका हंगामातच बाहेर पडला. फ्रँचायझी हा करार असतो, मालकाचा हिशेब जुळेना की तो संपतो. वीस वर्षांत एवढे संघ आले आणि गेले, पण त्यांच्यामुळे पुण्या-मुंबईत हॉकीची किती नवी मैदानं झाली, हे कुणी विचारलं तर उत्तर देणं जड जाईल.

“संघ आला की सामने आपल्या गावात होतील”

२०२४-२५ च्या हंगामात दिल्ली, हैदराबाद, तमिळनाडू, बंगाल अशी नावं लावलेले संघ खेळले कुठे? राउरकेला आणि रांची इथे. महिलांची पहिलीवहिली लीग जानेवारी २०२५ मध्ये झाली, तीही रांचीत. हैदराबादच्या प्रेक्षकाने आपला संघ पाहिला तो टीव्हीवरच. त्याआधी २०१३ मध्ये पाकिस्तानी खेळाडूंवरून वाद पेटला, तेव्हा मुंबई मॅजिशियन्सचे घरचे सामने थेट दिल्लीला हलवले गेले. उद्या बालाघाटच्या नावाने संघ निघाला, तरी तो बालाघाटात खेळेलच असं नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाचं टर्फ, प्रकाशझोत, राहण्याची सोय आणि जवळ विमानतळ लागतो.

“आपल्या पोरांना त्या संघात जागा मिळेल”

ही सगळ्यात गोड समजूत आहे आणि म्हणूनच ती नीट तपासायला हवी. संघ लिलावातून बनतो. २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला २४ खेळाडू घ्यायचे होते, त्यात ८ परदेशी आणि किमान ४ भारतीय ज्युनियर. खर्चाची मर्यादा ४ कोटी रुपये. सर्वांत महाग ठरला कर्णधार हरमनप्रीत सिंग, ७८ लाख. स्थानिक खेळाडूसाठी राखीव जागेची अट यात कुठेही नव्हती. इटारसीजवळच्या एका खेड्यातून आलेला आणि टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिंपिक कांस्यपदकं मिळवणारा विवेक सागर प्रसाद हा मध्य प्रदेशचा, पण लिलावात त्याला घेतलं सूरमा संघाने. संघावर गावाचं नाव असलं, तरी आतले खेळाडू त्या गावचे असतीलच असं नाही.

गावातलं पोर वर जातं ते वेगळ्या वाटेने. धनराज पिल्ले यांचंच पाहा. पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखान्याची वसाहत, तिथल्या मऊ, धुळीच्या मैदानावर मोडक्या स्टिकांनी सुरुवात. थोरला भाऊ रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून लीग खेळायचा, म्हणून धनराज मुंबईला गेले. तिथे हॉकीपटू जोकिम कार्व्हालो यांच्या नजरेत भरले आणि महिंद्राच्या संघात आले. पुढे चार ऑलिंपिक. या गोष्टीत फ्रँचायझी कुठेच नाही. कारखान्याची वसाहत आहे, कंपनीचा संघ आहे, शहरातली स्थानिक लीग आहे आणि खेळाच्या जोरावर मिळणारी नोकरी आहे. भारतात हॉकीवर पोट भरण्याची खरी व्यवस्था अनेक दशकं हीच होती: रेल्वे, सेनादलं, पोलीस, तेल कंपन्या, कस्टम्स, एअर इंडिया. खाण वसाहतीला ही वाट परकी वाटायचं काहीच कारण नाही.

“आदिवासी मुलांच्या रक्तातच हॉकी असते”

हे कौतुकाने बोललं जातं, पण त्याने नुकसान होतं. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातून दिलीप तिर्की, लाझरस बार्ला, अमित रोहिदास, सुनीता लाक्रा, दीप ग्रेस एक्का आले. शेजारच्या झारखंडमधल्या सिमडेग्यातून मायकेल किंडो, सिल्व्हानस डुंगडुंग, सलीमा टेटे. ही यादी पाहून लोक रक्ताची गोष्ट करतात. हॉकी रक्तात असती, तर ती बैहरच्या गोंड-बैगा मुलांतही तितकीच दिसायला हवी होती. तशी ती दिसत नाही, आणि त्याचं कारण शरीरात नाही, व्यवस्थेत आहे.

सुंदरगढ-सिमडेग्यात मिशनऱ्यांनी शाळांमधून हा खेळ रुजवला. पुढे गावागावांत खस्सीच्या स्पर्धा सुरू झाल्या. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो आणि सगळा गाव जेवतो. कुणाचं अनुदान नाही, कुणाची परवानगी नाही. बांबूच्या किंवा झाडाच्या फांदीच्या स्टिका करून मुलं खेळतात, भातकापणीनंतरच्या रिकाम्या शेतात खेळतात. मुलगा हॉकी खेळतो याचा घरच्यांना फायदा दिसतो आणि गावाला उत्सव मिळतो. मग १९८५ मध्ये राउरकेल्याला पानपोष क्रीडा वसतिगृह निघालं. खेड्यातल्या मुलाला राहायला, जेवायला, शिकायला आणि रोज सराव करायला जागा मिळाली. पोलाद कारखान्याने स्वतःची अकादमी चालवली. खेळाडूंना नोकऱ्या मिळाल्या, तेव्हा पुढच्या पिढीच्या आईबापांनी पोरांना अडवलं नाही. आणि पुढे सुंदरगढ जिल्ह्याच्या सतराही विकास गटांत कृत्रिम टर्फ घालण्याचं काम राज्य सरकारने हाती घेतलं. दोन पिढ्यांची मेहनत आहे ही. तिला रक्त म्हणणं म्हणजे त्या शिक्षकांचे, प्रशिक्षकांचे आणि बोकड देणाऱ्या गावांचे श्रम पुसून टाकणं.

आपल्या बाजूला याचं उदाहरण लांब शोधायला नको. गोंदियाहून हावड्याच्या दिशेने जाणाऱ्या रेल्वेवर राजनांदगाव आहे. तिथली महंत राजा सर्वेश्वरदास स्मृती स्पर्धा देशभर ओळखली जाते आणि त्या गावाला हॉकीची नर्सरी म्हणतात. तिथली रेणुका यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेली. लीगमधला संघ राजनांदगावला नाही. तिथे वर्षानुवर्षं चाललेला एक कप आहे आणि टर्फ आहे.

“मोकळी जागा आहे ना, खेळा की”

१९७५ चा विश्वचषक भारताने गवतावर जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम मैदान आलं आणि भारत सातवा आला. मैदान बदललं की खेळ बदलतो. मुरमाच्या जमिनीवर चेंडू उसळतो, म्हणून खेळाडू तो आधी अडवायला शिकतो. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात येतो, तिथे पहिल्याच स्पर्शात पास द्यावा लागतो. मुरमावर घडलेलं चौदा वर्षांचं पोर राज्याच्या निवड चाचणीला टर्फवर उतरतं, तेव्हा त्याची सवयच त्याला हरवते.

पूर्ण मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. वरच्या दर्जाचं टर्फ सामन्याआधी पाण्याने भिजवावं लागतं, आणि उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावाला ते परवडणार नाही. वाळू भरलेल्या टर्फला पाणी लागत नाही, खर्चही कमी येतो. सरावासाठी ते पुरेसं आहे. सहा जणांच्या खेळाचं छोटं टर्फ तर शाळेच्या आवारातही बसतं.

“हॉकी राष्ट्रीय खेळ आहे, सरकारने द्यायलाच हवं”

केंद्र सरकारने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने २०२० मध्ये माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा हेच उत्तर मिळालं. त्या बिरुदावर कुठलाही निधी मिळत नाही.

“मॉयलने एक संघ विकत घ्यावा, झालं”

खाण कंपनीने हॉकी संघात पैसे घातल्याचं उदाहरण आहे. कलिंगा लान्सर्सच्या जुन्या मालकांत महानदी कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी होती. पण उकव्याच्या बाजूने पाहिलं, तर हा पैशाचा सगळ्यात वाईट वापर ठरेल. चार कोटींचा लिलाव काही आठवड्यांच्या खेळात खर्च होतो आणि गावात एक चौरस फूट मैदान वाढत नाही.

कायद्याने दुसरा रस्ता उघडा ठेवला आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि आपल्या कामाच्या परिसराला त्यात प्राधान्य द्यायचं असतं. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व मात्र त्यात धरता येत नाही. म्हणजे प्रशिक्षकाचा पगार, स्टिका, बूट, मुलांचं जेवण यांवरचा खर्च या पैशांत बसतो, छातीवर नाव मिरवणारा संघ बसत नाही.

दुसरा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्ह्याच्या या प्रतिष्ठानात भरावी लागते. हा पैसा खाणीमुळे झळ पोहोचलेल्या भागासाठीच असतो. तो कसा खर्चायचा हे सांगणाऱ्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षणाच्या सदराखाली क्रीडा सुविधांचा उल्लेख आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते, म्हणजे पहिला शब्द गावाचा असतो.

तेव्हा नागपूरच्या किंवा भोपाळच्या कुठल्या मालकाकडे संघ मागण्याआधी उकव्याच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरावात याव्यात: शाळेच्या आवारात वाळू भरलेलं सहा जणांचं टर्फ, वर्षभर पगारावर राहणारा एक प्रशिक्षक, आणि परसवाडा, बैहर, मलाजखंड, भरवेली इथल्या शाळांचा दर हिवाळ्यात होणारा एक कप. मुलींचा वेगळा कप पहिल्याच वर्षापासून. मुलांच्या संघाला बक्षीस काय द्यायचं ते गावाने ठरवावं, बोकड असला तरी हरकत नाही.