न बोलावता यम आला, त्या दारी

दीपावली हा लक्ष्मीचा आणि आनंदाचा सण म्हणून आपण साजरा करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पंचांग उघडून या दिवसांचे विधी क्रमाने वाचले, तर लक्ष्मीच्या बरोबरीने आणखी एका देवतेचे स्मरण या सणात पुनःपुन्हा सांगितलेले आढळते. ती देवता म्हणजे यमधर्म. धनत्रयोदशीच्या सायंकाळी दाराबाहेर कणकेचा दिवा लावून त्याची ज्योत दक्षिणेकडे करावयाची, ते यमदीपदान. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की यमतर्पण. आणि कार्तिक शुद्ध द्वितीया तर यमाच्याच नावाची. त्या दिवशी यमराज आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवावयास गेला आणि तिने त्याला ओवाळले, म्हणून ती यमद्वितीया. आपल्या बोलीतील भाऊबीज. मथुरेच्या विश्रामघाटावर त्या दिवशी भाऊबहिणी हातात हात घेऊन यमुनेत स्नान करतात.

यमदीपदानाचा हेतू आपल्या आज्या अगदी साध्या शब्दांत सांगत असत. घरात अपमृत्यू होऊ नये, हा. मृत्यू टळावा असे त्या म्हणत नसत. पिकले पान गळावयाचेच. परंतु सकाळी डबा घेऊन निघालेला कर्ता पुरुष संध्याकाळी परत येऊ नये, सहलीला गेलेल्या कुटुंबातील निम्मी माणसेच घरी यावीत, असे मरण कोणाच्या वाट्यास न यावे, एवढीच त्या दिव्यापाशी प्रार्थना असते.

महाराष्ट्राने असे अपमृत्यू थोडे पाहिलेले नाहीत. १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८ या तारखा मुंबईकराला तिथीप्रमाणे पाठ आहेत. २००८ च्या त्या हल्ल्यात १६६ जीव गेले, आणि त्यांतील कित्येकजण तर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गावाच्या गाडीची वाट पाहत बसलेले होते. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ जणांना ठार मारले. त्यांत महाराष्ट्रातील सहाजण होते, आणि त्या सहांतील तिघे एकट्या डोंबिवलीचे. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही त्याच दिवशी मारला गेला. २०२५ ची दिवाळी ही या सगळ्या मराठी घरांची पहिली दिवाळी होती.

ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू घडला, त्या घरी दिवाळीला तळणाची कढई चढत नाही. हा रिवाज सर्वांस ठाऊक आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र आपण हळूहळू विसरत चाललो आहोत. त्या घरी फराळ करावयाचा नसतो, म्हणूनच तो शेजाऱ्यांनी न्यावयाचा असतो. समोरच्या बिऱ्हाडातील मुलगी झाकलेले ताट घेऊन जाते, ते ओट्यावर ठेवते आणि फार न बोलता परत येते. त्या ताटात किती लाडू होते हे कोणी मोजत नाही, आणि ताट रिकामे परत करू नये हा नेहमीचा संकेतही त्या वर्षापुरता कोणी पाळावयास लावत नाही. दहशतवादाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांसाठी तरुण मुले निधी जमवितात, तेव्हा त्यांच्या हातून घडते ते याच ताटाचे थोरले रूप होय. ताट नेणाऱ्या मुलीस जे शील लागते, तेच निधी जमविणाऱ्यासही लागते.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दहशतवादी हिंसाचारात मृत्यू पावलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची साहाय्य योजना २००८ पासून आहे. आरंभी तीत ३ लाख रुपये मिळत. २०१६ मध्ये ही रक्कम ५ लाख झाली. पहलगामनंतर राज्य सरकारने महाराष्ट्रातील मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये जाहीर केले. परंतु धनादेश एकदाच येतो, आणि मूल मात्र दरवर्षी एक इयत्ता पुढे जाते. पहिल्या तेरा दिवसांत दारापुढे मोटारी उभ्या राहतात, छायाचित्रे निघतात, आश्वासने दिली जातात. पाचव्या वर्षी त्याच दारावर कोण जाते? खरी परीक्षा होते ती तेथे.

एखाद्या कामासाठी वर्षानुवर्षे दारोदार जाऊन मागण्याचा वारसा आपल्याकडे आहे, आणि त्याला भाऊबिजेचेच नाव आहे. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. त्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरल्या. इंग्रजी फारसे येत नसताना १९१८ मध्ये अमेरिकेपर्यंत गेल्या. स्वतः वैधव्याचे दुःख सोसलेली ही बाई इतर बायकांसाठी झोळी पसरीत होती. पुढे संस्थेच्या सेविका घरोघर जाऊन ‘भाऊबीज निधी’ गोळा करू लागल्या. ओवाळणी म्हणून भावाने तबकात जे टाकावयाचे, त्यातला एक वाटा न पाहिलेल्या बहिणीसाठी काढून ठेवावयाचा, ही त्यामागील कल्पना. एखादा मोठा धनिक एकदाच मोठी रक्कम देतो त्याहून हजार घरांनी दरवर्षी दिलेली ओवाळणी संस्थेस अधिक भक्कम करते, हे त्या पिढीस पक्के ठाऊक होते.

याच कल्पनेची आठवण करून देणारा एक मराठी तरुण १९९७ मध्ये काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात जाऊन पोहोचला. त्याचे नाव अधिक कदम. वय विशीच्या आसपास, शिक्षण चालू, गाठीस पैसा नाही, पाठीशी कोणते पद नाही. कुपवाडा हा उत्तर काश्मीरमधील नियंत्रण रेषेला लागून असलेला जिल्हा. १९८९ पासून खोऱ्यात सशस्त्र उठाव पेटला होता आणि सीमेपलीकडून येणाऱ्या वाटा याच डोंगरांतून उतरत होत्या. कोणाचा बाप अतिरेक्यांनी खबऱ्या ठरवून मारलेला, कोणाचा दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडलेला, कोणाचा बेपत्ता झालेला. नवरा जिवंत आहे की नाही, हेच ज्यांना ठाऊक नाही, अशा स्त्रियांना तेथे ‘अर्धविधवा’ म्हणू लागले होते. हा शब्द आपल्या कोणत्याही धर्मशास्त्रात सापडावयाचा नाही.

थोड्या दिवसांसाठी गेलेला हा विद्यार्थी तेथे रमला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो तेथे अडकला, असे म्हणावे. गावोगाव फिरताना त्यांना दिसले की, अनाथ मुलांस कोणी तरी ठेवून घेई. मुलगी मात्र नातेवाइकांस ओझे वाटे. म्हणून २००२ मध्ये कुपवाड्यात मुलींसाठीच घर सुरू झाले. आरंभी मुली होत्या अवघ्या चार. घराचे नाव ‘बसेरा-ए-तबस्सुम’, म्हणजे स्मितहास्याचा निवारा. त्यामागील संस्था बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन. तिची मुळे पुण्यात. पुढे अनंतनाग आणि बडगाम जिल्ह्यांत अशी घरे झाली, आणि जम्मूतही एक झाले. १९९० मध्ये खोऱ्यातून ज्यांना रातोरात निघावे लागले, त्या काश्मिरी पंडितांची वस्ती जम्मूत आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

हे काम कसे उभे राहिले याची कल्पना घरी बसून येणे कठीण आहे. परमुलुखातील, परधर्माचा, अविवाहित तरुण आमच्या मुलींना कशासाठी नेतो, अशी शंका गावकऱ्यांस आली तर त्यांस दोष देता येत नाही. अतिरेक्यांनी त्यांना अनेकदा उचलून नेले, उलटसुलट प्रश्न विचारले आणि सोडून दिले. प्रत्येक सुटकेनंतर ते त्याच गावी परत गेले. मुली त्यांना ‘भैया’ म्हणू लागल्या. ज्या भूमीत भाऊबीज कोणास ठाऊक नाही, तेथे तिचे नाते असे लागले.

आणि इकडे महाराष्ट्रात? अशा कामासाठी मागणाऱ्यास आपल्या दारात एक प्रश्न ऐकावाच लागतो. ‘आपलीच माणसे थोडी आहेत का? त्यांच्या मुलींना आम्ही का द्यावे?’ हा प्रश्न हलका समजून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. विचारणाऱ्याच्या मनात पहलगामची जखम असते, पंडितांचे हाल असतात, सीमेवरून तिरंग्यात गुंडाळून आलेला गावातील मुलगा असतो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्यात ४० जवान गेले. त्यांतील दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. अशा घरांना प्रथम द्यावे, असे कोणास वाटले तर ते स्वाभाविकच आहे आणि त्यात उणे काही नाही.

परंतु दानाचा विचार येथे थांबत नाही. पैठणच्या नाथांची कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. पितृश्राद्धासाठी सोवळ्यात शिजलेले अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या कुटुंबास वाढले. ब्राह्मण रुसून निघून गेले, आणि नाथांच्या घरी पितर स्वतःच जेवावयास आले, अशी परंपरा सांगते. नाथांनी पाहिली ती भूक. गोत्र पाहिले नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक ठरविले आहे. पात्र म्हणजे काय, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. माझ्या मते, बापाच्या मरणात जिचा काडीइतकाही अपराध नाही, अशी सहा वर्षांची मुलगी, तिचा बाप कोणत्या का बंदुकीने गेलेला असेना, पात्रच होय. तिला आज कोणी जवळ केले नाही, तर दहा वर्षांनी तिच्या भावाच्या हाती कोण काय देईल, हा व्यवहाराचा प्रश्नही आहेच. पण तो दुय्यम.

पुण्याच्याच ‘सरहद’ संस्थेने हे काम उलट दिशेने केले. संजय नहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहशतवादाची झळ पोहोचलेल्या काश्मिरी कुटुंबांतील मुलांना पुण्यात आणले, ठेवले, शिकविले. मराठी घरांतून त्यांची ऊठबस झाली, त्यांना आपली भाषा येऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद याच संस्थेकडे होते, हे सांगितले म्हणजे पुरे.

या दिवाळीत आपल्या चाळीतील वा सोसायटीतील एखादा महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी अशा कुटुंबांसाठी डबा घेऊन दारी आली, तर तिला परतवू नये. पण चार गोष्टी विचाराव्यात. पावती आहे काय? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय? नोंदणी नसलेल्या मंडळास धर्मादाय कार्यासाठी वर्गणी जमवावयाची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी लागते. ती आहे काय? हे विचारल्याने मुलांचा उत्साह मावळत नाही. उलट, लोकांचा पैसा हा देवाच्या पेटीतील पैशासारखा जपावयाचा असतो, हे त्यांना लहान वयातच कळते. आणि मुलांनीही एक पथ्य पाळावे. मदत देताना त्या विधवेच्या हाती पाकीट ठेवून छायाचित्र काढू नये. फराळाचे ताट नेताना आपल्यापैकी कोणी छायाचित्रकार बरोबर घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

ज्या बहिणीस भाऊ नाही, ती भाऊबिजेस चंद्राला ओवाळते. अंगणात पाट मांडते, तबकात निरांजन लावते आणि पश्चिमेकडे द्वितीयेची बारीक कोर दिसेपर्यंत थांबते. कोर थोडाच वेळ दिसते आणि मावळते. अतिरेक्यांच्या गोळीने ज्यांचे भाऊ गेले, अशा बहिणी महाराष्ट्रात आहेत आणि काश्मीरातही आहेत. त्यांतील काहींच्या घरी त्या संध्याकाळी कोणी पाहुणा जाऊ शकतो; ताट घेऊन, वा केवळ जेवावयास.

कुपवाड्यात या दिवसांत थंडी उतरू लागलेली असते. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडाक्याचा हिवाळा सुरू होतो, बर्फाने घाटरस्ते बंद पडतात. त्यामुळे लाकूड, कोळसा, सुकविलेल्या भाज्या आणि गोधड्या यांची सारी बेगमी त्याआधी करून ठेवावी लागते. आपल्याकडे दिवाळीचे दिवे लागतात, तेव्हा तिकडे ही तयारी चाललेली असते.